जुन्या मोटारीला सुरक्षापट्टे

बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५८ सालच्या सुमारास ॲम्बॅसडर मोटार तयार होऊ लागली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या आरंभीच्या मोटारींत पुढे बाकासारखे सलग आसन असे, सुरक्षापट्टे मात्र नसत. हे केवळ तिचेच उणे नव्हते. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा, तीन ठिकाणी जखडलेला पट्टा स्वीडनमधील अभियंता नील्स बोलिन याने व्होल्वो कंपनीसाठी तयार केला व १९५९ साली तो मोटारींत दिसू लागला. वैमानिकास विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर बोलिनने पूर्वी काम केले होते.

अशी जुनी मोटार जतन करून चालविणाऱ्यास पट्टे बसवावयाचे असल्यास प्रथम आसन काढावे लागते. पट्टा आसनालाच का जोडू नये, या प्रश्नाचे उत्तर थोड्या गणितात आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे १४ मीटर. मोटार भिंतीवर आदळून तिचा पुढील भाग अर्धा मीटर चेपला, तर तेवढ्या अंतरात हा वेग नाहीसा होतो. पट्ट्याने मोटारीशी बांधलेल्या ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसास थांबविण्यासाठी सरासरी १,२०० किलोग्रॅम भाराइतके बल लागते. पट्टा नसेल, तर माणूस मूळ वेगाने पुढे जातो व स्टिअरिंगवर आदळून काही सेंटिमीटरांतच थांबतो. तेव्हा बल याच्या कित्येक पट होते. सरकत्या रुळांवरील जुने आसन हा भार सोसण्यासाठी बनविलेले नसते. भार मोटारीच्या सांगाड्यावरच पडला पाहिजे.

आसनाचे बोल्ट बहुधा गंजलेले असतात. त्यांवर तेल सोडून रात्रभर थांबणे बरे. ज्योतीने तापविणे पेट्रोलच्या नळीजवळ धोक्याचे. आसन निघाल्यावर खरे परीक्षण होते. चटईखाली पाणी मुरून तळाचा पत्रा कुजलेला असतो व वरून रंग मात्र शाबूत दिसतो. पेचकसाच्या टोकाने तो दाबून पाहावा. टोक आत शिरल्यास पत्रा कापून नवा जोडल्यावाचून पुढे जाण्यात अर्थ नाही.

भोक पाडण्यापूर्वी मोटारीखाली जाऊन ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या आणि तारा कोठून जातात ते पाहावे. एक टोक दाराच्या बाजूस तळाजवळ, दुसरे मधल्या उंचवट्याजवळ, तिसरे दोन दारांमधील खांबावर खांद्याच्या उंचीस किंवा त्याहून वर येते. ते खाली असल्यास पट्टा खांदा खाली ओढतो व आघाताचा भार पाठीच्या कण्यावर येतो. पातळ पत्र्यातून नुसता बोल्ट वॉशरसकट उपटून येऊ शकतो. म्हणून पत्र्याच्या खालून, कडा गोल केलेली जाड पोलादी पट्टी लावतात. बल मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते. बोल्टही सामान्य दुकानी नसावा. या कामासाठीचा ७/१६ इंच व्यासाचा पोलादी बोल्ट मिळतो.

आसन परत बसविल्यावर ते पुढेमागे सरकवून पट्टा रुळांत अडकत नाही ना, हे पाहतात. कमरेवरचा भाग पोटावर न येता ओटीच्या हाडांवर बसला पाहिजे. मऊ पोटावर तो आला, तर आतडी व यकृत यांना इजा होते.