कांदा बियाण्यासाठी मधपेट्या : कधी आणि कशा?

कांद्याचे बियाणे घेणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : भाड्याच्या मधपेट्या शेतात कधी आणाव्यात?

गोंडे दिसले की पेट्या मागवायची घाई होते, आणि तिथेच चुकते. शेतात पुरेशी फुले नसली की माश्या शेजारच्या कोथिंबिरीवर, मोहरीवर जातात आणि तिथेच रमतात. साधारण दहा टक्के फुले उमलल्यावर पेट्या याव्यात. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे पराग इकडून तिकडे नेणारी माशी लागतेच. सकाळी गोंड्याजवळ वाकून पाहावे : माशी मकरंदासाठी फुलाफुलावर फिरते आणि तिच्या अंगावरच्या केसांना पराग चिकटलेले दिसतात.

वाहतूक रात्रीच करावी. माश्या परतल्या की पेटीचे दार जाळीने बंद करावे. हवा खेळती नसली, तर वसाहत गुदमरून मरते. पेटी एखाद-दुसऱ्या किलोमीटरवरच हलवली, तर बऱ्याच माश्या जुन्या जागी परततात.

फुलोऱ्यात कीटकनाशक टाळावेच. अगदी नाइलाज झाला, तर मधपाळाला आदल्या दिवशी कळवावे आणि फवारणी संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर करावी. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था मधमाशीपालनाचे प्रशिक्षण देते. व्यवहार ठरवण्याआधी तिथे जरूर चौकशी करावी.