परवाना असलेलं पाळणाघर : मुलं किती आणि सांभाळणारे हात किती?



कॅलिफोर्नियात आज बरीच मराठी कुटुंबं आहेत. आई-बाबा दोघंही नोकरीला, आजी-आजोबा व्हिसाच्या मुदतीपुरते. मग बाळाला ठेवायचं कुठे? आपल्या काही भगिनी तिथे घरीच पाळणाघर चालवतात. म्हणून आज तिथले परवान्याचे प्रकार आणि माणसांचे नियम पाहू. परवाना राज्याचा समाजसेवा विभाग देतो.

1. छोटं घरगुती पाळणाघर
सांभाळणारी व्यक्ती एकच. मुलांची मर्यादा मात्र वयावर ठरते. दोन वर्षांखालील मुलाला बाळ धरतात.
- फक्त बाळं असतील तर 4.
- मिश्र वयाची असतील तर 6, त्यात बाळं जास्तीत जास्त 3.
- 8 मुलं घ्यायची तर बाळं 2 च, आणि दोन मुलं मोठी हवीत : एक शाळेत जाणारं, दुसरं किमान 6 वर्षांचं.

घरात राहणारी स्वतःची 10 वर्षांखालील मुलंही या संख्येत मोजतात. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

2. मोठं घरगुती पाळणाघर
इथे मदतनीस हवाच. मर्यादा 12 मुलं (बाळं 4 पर्यंत). दोन मोठी मुलं असल्यास 14 (बाळं 3 पर्यंत). मदतनीस आला नाही तर त्या वेळेपुरती छोट्या पाळणाघराचीच मर्यादा लागू होते. भिंतीवर 14 चा परवाना टांगलेला असला तरी!

3. बालसंगोपन केंद्र
हे घरात नसून वेगळ्या जागेत असतं. इथे प्रमाण असं :
- बाळं : 4 मुलांमागे 1 शिक्षक
- 2 वर्षांपासून बालवाडीच्या वयाची : 12 मुलांमागे 1 शिक्षक
- शाळेत जाणारी : 14 मुलांमागे 1 शिक्षक

सोबत मदतनीस असेल तर गट थोडा मोठा करता येतो. पूर्ण पात्र शिक्षकाने बालशिक्षणाचे किमान 12 सेमिस्टर-युनिट कॉलेजात पूर्ण केलेले लागतात. नुसती मुलांची आवड पुरत नाही.

परवाना कोणाला लागत नाही?
नातेवाइकाला, तसंच स्वतःच्या मुलांशिवाय फक्त एकाच कुटुंबाची मुलं सांभाळणाऱ्याला. म्हणजे आजीला परवाना नको. पण शेजारच्या काकू दोन घरांची मुलं पैसे घेऊन सांभाळू लागल्या, की परवाना हवा.

बाळांवर एवढा कटाक्ष का?
समजा, आग लागली. चार वर्षांचं मूल सांगितल्यावर दाराकडे चालत जाईल. बाळाला मात्र उचलावंच लागतं, आणि माणसाला हात दोनच! रोजच्या दिवसातही बाटली, लंगोट, रडणं हे सगळं एकाच वेळी येतं. म्हणून "तुमच्याकडे मुलं किती?" एवढंच विचारू नका. "त्यात बाळं किती, आणि आत्ता सांभाळायला माणसं किती?" असं विचारा.

सराव
सुनीताताईंचं छोटं पाळणाघर आहे. त्यांचा स्वतःचा 8 वर्षांचा मुलगा, बाहेरची 3 बाळं आणि 4 वर्षांची 2 मुलं. आणखी एक 4 वर्षांचं मूल घेता येईल का?

उत्तर : नाही. स्वतःच्या मुलासह 6 झाली. सातवं घ्यायचं तर बाळं 2 च चालतात, इथे 3 आहेत. "आठपर्यंत चालतं हो" हे म्हणणं इथे चुकीचं ठरतं.

पालकांनो, मूल तिथे असताना न कळवता आत जाऊन पाहण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. तपासणीचे अहवालही बघता येतात. संकोच करू नका. एकदा दुपारी सहज जा आणि डोकी मोजा : आधी बाळांची, मग इतर मुलांची, मग मोठ्यांची.