एका वेळी एक काम

आपल्याकडे एक म्हण आहे, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ म्हण जुनी आहे. पण रोजच्या कामाला ती आजही लागू पडते.

एखाद्या शेतकऱ्याची सकाळ पाहू. तो उसाला पाणी द्यायला गेला. मोटर चालू केली. दारं धरलं. इतक्यात आठवलं, विळा घरीच राहिला. तो घराकडे निघाला. वाटेत शेजारी भेटला. मग मोबाइल वाजला. इकडे सरी भरून पाणी बांधावरून वाहून गेलं. पाणी वाया, वीज वाया, आणि वैरण कापायची ती राहिलीच. दिवसभर तो राबला, पण एकही काम पुरं झालं नाही. हा माणूस आळशी नाही. त्याचं मन चार ठिकाणी वाटलं गेलं.

आपण म्हणाल, एका वेळी दोन कामं होतच नाहीत का? होतात. पूर्वी आयाबाया दळताना जात्यावर ओव्या म्हणत. दळण हाताच्या सवयीचं होतं. पण पैसे मोजताना ओवी म्हणून पाहा! मोजणी चुकते. ज्या कामाला विचार लागतो, तिथं मन एकच काम धरतं. दुसरं आलं की पहिलं सुटतं. परत यायला वेळ लागतो, आणि चूकही होते.

काही चुका भरून येत नाहीत. कडबाकुट्टी चालू असताना गप्पांच्या नादात हात पुढं गेला, तर बोटं जातात. तणनाशक मापताना ध्यान ढळलं, तर पीक जळतं. अशा वेळी मोबाइल बाजूला ठेवावा.

आता वेळेचा हिशोब करू. रोज अर्धा तास वस्तू शोधण्यात गेला, तर ३० दिवसांत १५ तास जातात. म्हणजे ८ तासांचे जवळजवळ २ दिवस!

मग काय करावं? आता आपल्याला लिहिता येतं. त्याचा उपयोग करू.

१. रात्री निजण्यापूर्वी उद्याची तीनच कामं वहीत लिहावी. महत्त्वाचं काम सर्वांत वर.
२. विळा, खुरपं, कागदपत्रं यांची जागा ठरवावी.
३. मधेच दुसरं काम आठवलं, तर लगेच उठू नये. वहीत टिपून ठेवावं.
४. काम पुरं झालं की त्यावर रेघ मारावी. मग थोडा विसावा घ्यावा.

घरातल्या बाईला मात्र एवढं सांगून भागत नाही. तव्यावर भाकरी, कडेवर मूल, गोठ्यात गाय हंबरते, आणि ओट्यावरून हाक येते, ‘चहा आण गं!’ तिनं एक काम कसं धरावं? तिथं बाकीच्यांनी उठावं. मूल घ्यावं, पाणी भरावं. तिलाही रोज अर्धा तास वहीपुढं निवांत बसू द्यावं. दुसऱ्याचं ध्यान न मोडणं हीसुद्धा मदतच आहे.

सांगा पाहू :
१. शेतकऱ्याचं पाणी वाया का गेलं?
२. आपल्या घरात कुणाला सारखं कामातून उठावं लागतं?
३. उद्याची तीन कामं वहीत लिहा.