पाळकाच्या घरी पाळणा

शास्त्रभाग : लूक १:५-२५, ३९-५८, अनुवाद २४:५, गलतीकरांस पत्र ६:२

पाठाचा हेतू : सेवेत असलेल्या तरुण जोडप्याच्या घरी पहिले बाळ येणार असेल तर मंडळीचे कर्तव्य काय, हे शास्त्राच्या आणि आपल्या मिशनच्या इतिहासाच्या आधारे समजून घेणे.

१. माहेर दूर असते तेव्हा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंदे यांनी १८१० साली आपला तळ दिला. पुढे त्या तळाचेच शहर झाले आणि त्याला लष्कर हे नाव राहिले. शिंदे की छावनी ही वस्ती याच लष्करात आहे. शिंद्यांच्या चाकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे दक्षिणेतून ग्वाल्हेरीस आली, त्यांच्या लेकीसुनांना माहेर दूर असणे म्हणजे काय, हे कोणी सांगावयास नको.

आता अशी कल्पना करा की, या छावनीत एक तरुण सुवर्तिक आणि त्याची पत्नी राहावयास आली आहेत. दोघांचीही घरे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, म्हणजे रेल्वेने हजार किलोमीटरहून अधिक दूर. बाईंना सहावा महिना लागला आहे. आपल्या रीतीप्रमाणे पहिलटकरणीने बाळंतपणास माहेरी जावयाचे. परंतु इकडे स्त्रियांची सभा त्या चालवितात, शब्बाथ शाळेचा लहान वर्ग त्यांच्याकडे आहे आणि नाताळच्या गीतांची तयारीही त्यांनीच करून घ्यावी अशी सर्वांची अपेक्षा आहे. या कामाबद्दल त्यांना वेतन नाही. वेतन नाही म्हणून रजाही नाही! सुवर्तिकाला वाटते, पत्नीसाठी सुटी मागितली तर लोक म्हणतील, याचे मन सेवेत नाही. मंडळीला वाटते, काही अडचण असती तर ते बोलले असते. अशा रीतीने दोन्ही बाजू गप्प राहतात आणि दिवस मात्र भरत येतात.

हे चित्र केवळ ग्वाल्हेरचे नव्हे. जिथे जिथे मराठी पाळक आपल्या गावापासून दूर सेवेस जातो, तिथे ते आढळते. यावर शास्त्र काय सांगते ते पाहू.

२. याजकाच्या घरची वार्ता

जखऱ्या याजक होता. मूल होणार ही वार्ता त्याला घरी नव्हे, तर मंदिरात, धूप जाळण्याची सेवा चालू असताना मिळाली. देवाने सेवा आणि घर यांच्यामध्ये भिंत घातली नव्हती, हे येथे प्रथम ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट लूक १:२३ मध्ये आहे. सेवेचे दिवस भरल्यावर जखऱ्या आपल्या घरी गेला. तो काम अर्धवट टाकून गेला नाही, आणि दिवस संपल्यावर तेथे रेंगाळलाही नाही. असे करणे त्याला शक्य झाले, कारण याजकांचे चोवीस वर्ग ठरलेले होते (१ इतिहास २४). एका वर्गाची पाळी संपली की दुसरा वर्ग त्याची जागा घेई. म्हणजे जखऱ्याला घरी जाता आले ते केवळ त्याच्या पत्नीवरील प्रेमामुळे नव्हे, तर त्याच्या मागे काम उचलणारे दुसरे लोक होते म्हणून. आपल्या मंडळीत पाळकाचा हा ‘दुसरा वर्ग’ कोण आहे?

तिसरी गोष्ट अलीशिबेची. पहिले पाच महिने ती एकांतात राहिली (१:२४). त्या काळात तिच्याकडून कोणी कसल्या कामाची अपेक्षा केल्याचे शास्त्रात नाही. सहाव्या महिन्यात तरुण मरीया डोंगराळ प्रदेशातील तिच्या घरी आली व सुमारे तीन महिने राहिली (१:५६). येथे कोणी कोणाला आधार दिला? मरीयेचीही ती पहिलीच वेळ होती. वडीलधाऱ्या अलीशिबेच्या घरात तिला निर्भय आसरा मिळाला, आणि अलीशिबेला शेवटच्या महिन्यांत सोबत मिळाली. पुढे बाळ जन्मले तेव्हा शेजारी व नातलग त्या आनंदात सहभागी झाले (१:५८).

याहून जुना दाखला नियमशास्त्रातला आहे. नुकतेच लग्न झालेल्या पुरुषाला एक वर्षभर लढाईवर पाठवू नये, त्याच्यावर दुसरेही काम लादू नये; त्याने घरी राहून आपल्या पत्नीला आनंदी ठेवावे, असा तेथे दंडक आहे (अनुवाद २४:५). चहूकडे शत्रू असलेल्या राष्ट्राने नवविवाहिताला वर्षभर मोकळे सोडले. मग आपल्याला एका पाळकाला काही आठवडे मोकळे सोडता येऊ नये काय?

३. हॅरिएट न्यूएल यांची गोष्ट

दौलतरावांच्या तळाचे शहर होत होते, त्याच सुमारास आपल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासाशी जोडलेले एक तरुण जोडपे हिंदुस्थानाकडे निघाले. सॅम्युएल न्यूएल हे अमेरिकन बोर्डाच्या पहिल्या पाच मिशनऱ्यांपैकी एक. ९ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांचा हॅरिएट ॲटवुड यांच्याशी विवाह झाला आणि १९ फेब्रुवारीस दोघे सेलम बंदरातून ‘कॅरव्हॅन’ जहाजाने निघाले. हॅरिएट तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. मागे त्यांची विधवा आई होती. त्याच जहाजावर ॲडोनायराम जडसन व त्यांच्या पत्नी ॲन हेही होते.

जूनमध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. मधल्या काळात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी व त्यांच्या सोबत्यांनी त्यांना आसरा दिला. पण तो आसरा फार दिवस टिकू शकला नाही. ऑगस्टच्या आरंभी न्यूएल पतिपत्नी मॉरिशसला जाणाऱ्या जहाजावर चढली, तेव्हा हॅरिएट गरोदर होत्या. प्रवास लांबला. ऑक्टोबरमध्ये भर समुद्रात त्यांना मुलगी झाली. त्या वेळी आई, बहीण, शेजारीण, कोणी जवळ नव्हते. होते ते एकटे पती. पाच दिवसांनी ते बाळ वारले. हॅरिएट यांना क्षयाने गाठले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्या प्रभूकडे गेल्या.

सॅम्युएल एकटेच पुढे सिलोनला व तेथून १८१४ साली मुंबईस आले. गॉर्डन हॉल यांच्याबरोबर त्यांनी मराठी लोकांत काम केले आणि १८२१ साली पटकीने त्यांचा अंत झाला. ज्या मिशनच्या कामातून आपल्या कित्येक मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या, तिच्या पायाशी ही दोन लहान आयुष्ये आहेत.

हॅरिएट यांचे चरित्र व लेख १८१४ साली प्रसिद्ध झाले, आणि ते वाचून अनेक तरुण सेवेस पुढे आले. त्यांच्या त्यागाचा गौरव आपण अवश्य करावा. परंतु एवढ्यावर थांबलो तर धडा अपुरा राहील. पहिलटकरणीने एकटे पडावे, ही काही सेवेची अट नव्हती. तिला श्रीरामपुरी आसरा मिळाला होता. तो सरकारी हुकमाने हिरावला. आज आपल्या पाळकाच्या पत्नीवर असा कोणाचा हुकूम नाही. तरीही ती एकटी पडली, तर त्याचे कारण आपले दुर्लक्ष, दुसरे काही नाही.

४. मंडळीने माहेर व्हावे

एकमेकांची ओझी वाहा असे पौल सांगतो (गलती. ६:२). या प्रसंगी ती कशी वाहावी, ते पाहू.

काम वाटून घ्या. पंचमंडळाने वेळेवर ठराव करून बाईंकडील वर्ग व सभा दुसऱ्यांकडे सोपवाव्यात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला पहिल्या बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. परंतु विनावेतन राबणाऱ्या पाळकीणबाईंना अशा रजेचा कायदा लागू पडत नाही. म्हणून त्यांची रजा मंडळीनेच ठरवावयाची आहे. केंद्र सरकार आपल्या पुरुष कर्मचाऱ्यांना अशा वेळी १५ दिवस रजा देते. मंडळीने पाळकाला निदान तेवढी तरी द्यावी, आणि ती त्याने मागण्याची वाट पाहू नये.

प्रकृतीची काळजी घ्या. नाव पहिल्या बारा आठवड्यांतच नोंदवावे; निदान चार वेळा तपासणी व्हावी; रक्तवाढीच्या गोळ्या चुकवू नयेत. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. एखाद्या अनुभवी भगिनीने बाईंबरोबर जावे. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रात्री गाडी कोणाची, रक्त लागल्यास कोण देणार, हे आधीच लिहून ठेवावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ घरातील सर्वांस ठाऊक असावा.

बोलताना जपा. डोहाळजेवण प्रार्थनेने जरूर करावे. पण मुलगा की मुलगी, हा प्रश्न विचारू नये. गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०११ च्या जनगणनेत ग्वाल्हेर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेहूनही कमी होती. मुलगी झाली तरी उपकारस्तुतीचे गीत तितक्याच मोठ्याने गावे. ज्या भगिनींची कूस उजवली नाही, त्यांनाही या समारंभात मानाने बोलवावे. जखऱ्या व अलीशिबा नीतिमान होती आणि निपुत्रिकही होती, हे एकाच ठिकाणी लिहिले आहे (लूक १:६-७). तेव्हा अपत्य नसणे ही शिक्षा आहे, असे कोणी सुचवू नये. तसेच एखादे बाळ वाचले नाही, तर आईबापांना कारणे सांगत बसू नये. त्यांच्याजवळ बसावे, चूल सांभाळावी.

पाळकबंधूंसही एक शब्द. ज्याला आपले घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळील, असा प्रश्न पौल करतो (१ तीमथ्य ३:५). पत्नीच्या तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर जाणे हे घर सांभाळण्यातच मोडते. मदत मागण्यात कमीपणा नाही. न मागितल्याने मंडळीची सेवेची संधी मात्र जाते.

चर्चेसाठी प्रश्न

१. जखऱ्याला सेवेनंतर घरी जाणे कशामुळे शक्य झाले? आपल्या मंडळीत तशी व्यवस्था आहे काय?
२. मरीया व अलीशिबा यांना एकमेकींपासून काय मिळाले?
३. हॅरिएट न्यूएल यांच्या गोष्टीत त्याग कोणता आणि टाळता येण्याजोगे दुःख कोणते?
४. आपल्या पाळकांच्या पत्नी विनावेतन कोणकोणती कामे करतात? यादी करा. त्यांतील कोणते काम तुम्ही घ्याल?

शिक्षकांसाठी : लहान वर्गात मुलांना अलीशिबेचा सहावा महिना व मरीयेचे तीन महिने यांची बेरीज करावयास सांगावी, म्हणजे मरीया किती गरजेच्या वेळी तेथे होती हे त्यांच्या ध्यानी येईल. मोठ्या वर्गाने चौथ्या प्रश्नातील यादी पुढील रविवारपूर्वी पंचमंडळाकडे द्यावी.