प्रतिसृष्टी

त्रिशंकूला सदेह स्वर्गात घेण्याचे देवांनी नाकारले, तेव्हा क्रुद्ध झालेल्या विश्वामित्राने दक्षिण आकाशात नवी नक्षत्रे निर्माण करून दुसरी सृष्टी उभारण्यास आरंभ केला, अशी कथा रामायणात आहे. प्रतिसृष्टी निर्माण करण्याचे ते काम आज पुणे शहरात नित्य चालते. तपश्चर्येऐवजी त्यासाठी वीज व गणित लागते, एवढेच. शहराच्या पश्चिमेस पाषाण येथे भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत 'अर्क' हे सूर्यवाचक नाव धारण करणारा महासंगणक २०२४ साली कार्यान्वित झाला. एकावर सोळा शून्ये दिली असता जी संख्या होते, तिच्याहूनही अधिक गणिते तो एका सेकंदात करू शकतो. त्याच्या पोटात पृथ्वीचे वातावरण जन्मास येते, वारे वाहतात, ढग जमतात आणि पाऊसही पडतो. मात्र त्या पावसाने यंत्राजवळ उभ्या असलेल्या तंत्रज्ञाचा सदरा भिजत नाही.

ही प्रतिसृष्टी बनते कशी, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कारण पुढचा सारा वाद त्यावरच उभा आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर चौकोनांची एक जाळी अंथरली आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक चौकोनातील हवेचे तापमान, दाब, आर्द्रता व वाऱ्याची गती यांचे आकडे यंत्राला पुरवले जातात. मग उष्णतेचे व गतीचे नियम लावून, थोड्या वेळाने हे आकडे काय होतील, ते यंत्र काढते. त्या उत्तरावरून पुढचे, त्यावरून त्याच्या पुढचे. पूर्वी या जाळीचा एकेक चौकोन बारा किलोमीटरांचा होता. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या नव्या प्रणालीत तो सहा किलोमीटरांवर आला. तरीही शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंतचा सारा भाग एकाच चौकोनात सहज मावतो. यंत्राच्या लेखी तेथे एकच तापमान व एकच पाऊस. प्रत्यक्षात पर्वतीच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहत असताना शनिवार पेठेतील रस्ता कोरडा असतो, हे पुणेकरांना सांगावयास नको.

रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हीच रीत पहिल्या महायुद्धाच्या काळात हाताने करून पाहिली होती. सहा तासांचे भाकित काढण्यास त्याला सुमारे सहा आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकले. तरीही त्याने ते १९२२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षणच म्हणावे लागेल.

वातावरणाचे जे करता येते ते विश्वाचेही करता येते. २००५ साली युरोपातील शास्त्रज्ञांनी जर्मनीतील एका महासंगणकात सुमारे एक हजार कोटी कण मांडले. त्यांतील प्रत्येक कण शंभर कोटींहून अधिक सूर्यांच्या वजनाचा होता! या कणांना गुरुत्वाकर्षणाचा नियम लावून यंत्र महिनाभर चालवल्यावर त्यातून दीर्घिकांची गुंफण उमटली. आकाशात दुर्बिणीला दिसते तिच्याशी ती विलक्षण जुळणारी होती.

येथेच एक चमत्कारिक शंका उद्भवते. माणसाने घडवलेल्या प्रतिसृष्टी इतक्या सुधारत असतील, तर उद्या एखादीत विचार करणारी माणसेही निर्माण होतील. त्या माणसांना आपण यंत्रात आहोत हे कळणार कसे? आणि तसे असेल, तर पुणे शहर, मुठेचे पात्र, त्यावरचे आकाश ही सारीच कोणा अज्ञात गणित्याच्या यंत्रातील आकडेमोड नसेल कशावरून? त्या वेळी ऑक्सफर्ड येथे असलेले तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००३ साली या शंकेला तर्कशुद्ध रूप दिले. त्यांच्या मते तीन गोष्टींपैकी एक तरी खरी असली पाहिजे: एक तर अशी यंत्रे निर्माण करण्याइतकी प्रगती होण्यापूर्वीच बहुतेक सर्व मानवसदृश समाज नष्ट होतात, किंवा प्रगती होऊनही अशा सृष्टी निर्माण करण्याची त्यांना इच्छा उरत नाही, किंवा आपण स्वतःच जवळजवळ निश्चितपणे अशा एका सृष्टीत राहत आहोत. अस्सल जग एकच आणि नकला मात्र असंख्य, असे झाले तर आपण नेमके अस्सल जगात असण्याचा संभव फारच थोडा, हे त्यातील मर्म होय.

या युक्तिवादात एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरलेली आहे: पुरेशी आकडेमोड झाली की तिच्यातून जाणीव आपोआप उपजते. पाषाणच्या यंत्रातील पावसाने कोणी भिजत नाही; मग यंत्रातील मेंदूला सुखदुःख होईल हे कशावरून? यावर प्रतिपक्षाचे उत्तरही तयार आहे: तो पाऊस बाहेरच्यांना भिजवत नसला, तरी आत कोणी असता तर तो भिजलाच असता. या प्रश्नाचा निकाल आजवर कोणासही लावता आलेला नाही.

आळंदी आणि देहू ज्या शहराच्या जवळ आहेत, तेथील माणसाला हे ऐकून मायेचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंत भेद आहे. दोरीवर भासलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो. मायाही ज्ञानाने निरसते, असे वेदान्त सांगतो. संगणकातील सृष्टी मात्र तिचे रहस्य आतल्यांना कळले म्हणून नाहीशी होत नाही. शिवाय तिला बाहेर एक यंत्र लागते, आणि ते यंत्र ज्या जगात आहे ते जग खरे की खोटे, हा प्रश्न उरतोच.

मग अशा प्रश्नाचे शास्त्राने काय करावे? पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्याकडे मुले स्वाक्षरी मागण्यास येत, तेव्हा ते पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवण्यास सांगत आणि उत्तराखाली स्वाक्षरी करीत. प्रश्नाचा असा मान राखणाऱ्या या शास्त्रज्ञाने फ्रेड हॉईल यांच्यासह विश्वाच्या आरंभाविषयी प्रचलित मताविरुद्ध दीर्घकाळ झुंज दिली. १९६५ साली विश्वातील पार्श्वप्रारणाचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने गेला. नारळीकरांनी आपला पक्ष सोडला नाही. त्या वादात कोणत्या निरीक्षणाने कोणत्या पक्षाचे मत दुबळे होईल, हे मात्र सांगता येत होते. 'सारे जग संगणकात आहे' या विधानाची अडचण तेथेच आहे. कोणताही पुरावा पुढे करावा, तर 'तोही त्या गणित्यानेच तसा घडवला' असे म्हणून मोकळे होता येते.

ही कोंडी फोडण्याचा एक प्रयत्न २०१२ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी केला. बीन, दाऊदी आणि सॅव्हेज ही त्यांची नावे. त्यांचा विचार असा: प्रतिसृष्टीला जाळी लागते, मग ती सहा किलोमीटरांची असो वा अणूहून सूक्ष्म असो. वस्त्र दुरून एकसंध दिसते. परंतु पुरेशी बारीक सुई घेऊन पाहिले तर उभे व आडवे धागे हाताला लागतात, आणि धाग्यांच्या दिशेने जाणे व तिरपे जाणे सारखे नाही हेही कळते. विश्व जर अशा चौकोनी जाळीवर विणलेले असेल, तर अवकाशातून येणारे अत्यंत प्रखर ऊर्जेचे विश्वकिरण ही त्यासाठी सर्वांत बारीक सुई होय. ते सर्व दिशांनी सारखे न येता जाळीच्या रेषांना अनुसरून कमीअधिक यावेत. त्या अज्ञात गणित्याची रीत माणसाच्या रीतीसारखीच असेल, हे अनुमान यात आहेच. तो जाळी न वापरता काम करीत असेल, तर ही कसोटी व्यर्थ ठरेल. पण निदान येथे मोजण्याजोगे काही हाती लागले.

अशी खूण आजवर आढळलेली नाही. शोधाचे कामही मंद गतीनेच चालावयाचे. कारण सर्वाधिक ऊर्जेचे हे किरण एका चौरस किलोमीटरवर शतकातून साधारण एकदाच पडतात. म्हणून अर्जेंटिनातील पठारावर सुमारे ३००० चौरस किलोमीटरांत, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतक्या जागेत, पाण्याच्या सुमारे १६०० टाक्या मांडून ठेवल्या आहेत. किरणाने हवेत उसळवलेल्या कणांचा वर्षाव त्या पाण्यात शिरला की क्षणभर फिकट प्रकाश चमकतो. टाकीतील यंत्रे त्याची वेळ व तीव्रता नोंदवून घेतात आणि पुढच्या किरणाची वाट पाहत राहतात.