अनुकंपा : टेबलाच्या दोन्ही बाजूंनी

वडील पाटबंधारे खात्यात होते. नोकरीत असतानाच गेले. नव्वदच्या दशकात मी अनुकंपा तत्त्वावर कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि पुढे बरीच वर्षं आस्थापना शाखेत बसले. तिथं येणाऱ्या फाइलींत अनुकंपाच्याच फाइली जास्त असायच्या. आधी अर्जदार, मग अर्ज घेणारी. दोन्हीकडून जे दिसलं ते असं.

१. तेराव्याची वाट पाहा, वर्षश्राद्धाची पाहू नका.

घरात दिवस चालू असताना नोकरीचा विषय काढणारा माणूस वाईट ठरतो. ‘अजून राख गार नाही झाली’ हे आमच्याकडंही ऐकवलं गेलं. पण प्रतीक्षायादीत जागा ठरते ती परिपूर्ण अर्ज पोचल्याच्या तारखेवरून. यातला ‘परिपूर्ण’ हा शब्द महागात पडतो. मृत्यूचा दाखला आहे पण वारस प्रमाणपत्र नाही, बाकीच्या वारसांचं ना-हरकत शपथपत्र नाही, दाखल्यावर नाव एक आणि सेवापुस्तकात दुसरं, अशा त्रुटींत महिने जातात आणि मागून आलेला पुढं जातो. अर्ज हातात दिला की पोच घ्या, तीवर आवक क्रमांक आणि तारीख बघून घ्या. ‘साहेबांना देतो, काळजी करू नका’ म्हणणारा वडिलांचा जुना सहकारी मनानं चांगलाच असतो, पण त्याच्या शब्दावर शिक्का नसतो.

मुलं अज्ञान असतील तर कुणीतरी अठराचं झाल्यावरही अर्ज करता येतो, पण त्यालाही मुदत असते. मुदतीचे नियम बदलत आले आहेत. आजचा नियम कार्यालयातून लेखी विचारून घ्यावा.

२. हक्काचं आधी, दयेचं नंतर.

कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान, गटविमा, भविष्य निर्वाह निधी, शिल्लक रजेचे पैसे हे सगळं हक्काचं. त्यासाठी कुणाच्या मेहरबानीची गरज नाही. तरी नोकरीच्या मागं धावताना हेच कागद पडून राहतात. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या घरच्यांनी तर जास्तच जागरूक राहावं. त्यांना जुनी पेन्शन नव्हती, म्हणून बायकोला काहीच मिळणार नाही असं गृहीत धरलं जायचं. राज्यानं २०२३ मध्ये त्यांच्यासाठीही कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा केला.

३. नाव कोणाचं द्यायचं, हा खरा प्रश्न.

यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. आमच्या घरी ताई सगळ्यांत हुशार, पण तिचं लग्न झालं होतं आणि तेव्हा विवाहित मुलीला दार बंद होतं. २०१३ च्या शासन निर्णयानं ते काही अटींवर उघडलं. भाऊ शाळेत. आई चाळिशी ओलांडलेली, सातवी शिकलेली. तिनंच मामांना सांगितलं, ‘पोरीचं नाव घाला.’ त्यांना ते रुचलं नव्हतं. पोरगी उद्या सासरी गेली की पगारही तिकडंच जाणार, असा त्यांचा हिशोब.

घाईघाईत बायकोचं नाव देणारी घरं पुष्कळ. त्यात एक खाच होती. यादीत नंबर यायला दहा-दहा वर्षं लागायची आणि ४५ वर्षं पूर्ण झाली की नाव उडायचं. तोवर मुलगा पदवीधर झालेला असे, पण २०१५ च्या शासन निर्णयानुसार हयात उमेदवाराच्या जागी दुसऱ्याचं नाव लावता येत नव्हतं. अशी पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत: ‘आपली विनंती मान्य करता येत नाही.’ २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ही बंदी अन्यायाची ठरवली आणि २०२४ मध्ये नागपूरच्या पूर्णपीठानंही नाव बदलू देण्याच्या बाजूनंच कौल दिला. त्याआधी ज्यांची नावं कमी झाली, त्यांतल्या बहुतेकांनी कोर्टाची पायरी चढलीच नव्हती. वकिलाला द्यायला पैसे असते तर ते अनुकंपाच्या यादीत कशाला थांबले असते?

४. ‘बापाची जागा’ म्हणून भांडू नका.

१९९४ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ही नोकरी वारसाहक्क नाही. कर्ता माणूस अचानक गेल्यावर कुटुंबाला त्या संकटातून तरून जाता यावं, एवढ्यापुरताच सार्वजनिक भरतीला केलेला हा अपवाद आहे. म्हणून गेलेला माणूस अभियंता असला तरी मुलाला मिळतं ते गट-क किंवा गट-ड मधलं पद. सफाई कामगारांचं वेगळं. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं त्यांच्या वारसांना निवृत्तीनंतरही नोकरीवर दावा सांगता येतो. इतरांनी ते उदाहरण देऊन उपयोग नाही.

न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. बाहेर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली हजारो मुलं आहेत, त्यांच्याही घरी अडचणी असतात. पण याच तत्त्वाची दुसरी बाजू फार बोचते. उशिरा दाद मागणाऱ्याला विचारलं जातं, ‘इतकी वर्षं कुटुंब जगलंच ना, मग संकट कुठं राहिलं?’ आता हा उशीर कुणाचा? पदभरतीवर बंदी सरकारची, टक्केवारीची मर्यादा सरकारची, आरक्षणाची बिंदुनामावली तपासून न आल्यानं अडलेली फाइलही सरकारचीच. आई धुणीभांडी करून मुलांना जगवते आणि तिनं ती जगवली हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. हे मला कधीच पटलं नाही, फाइलीवर सही करताना तर मुळीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यानं एकाच दिवशी दहा हजारांवर नियुक्तीपत्रं वाटली, त्यांतली सुमारे निम्मी अनुकंपाची होती. चांगलंच झालं. पण एका दिवसात इतकी पत्रं निघू शकतात, तर आधी ती कशात अडली होती, हेही कुणी विचारावं.

५. तिसरं अपत्य.

३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर कुटुंब अपात्र. यात रदबदली चालत नाही.

६. ‘वर ओळख आहे’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

यादी क्रमानं चालते. तो क्रम कुणी सांगत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. यादीत तुमचा नंबर दाखवून तोच पुढं सरकवल्याचं श्रेय घेणारे महाभाग प्रत्येक जिल्ह्यात भेटतात.

७. रुजू झाल्यावर टंकलेखन आधी.

लिपिकाला मराठी तीस शब्दांची परीक्षा लागते. अनुकंपावाल्याला ती उत्तीर्ण व्हायला मुदत मिळते आणि त्या मुदतीच्या भरवशावर माणूस निवांत होतो. कार्यालयात ‘ही काय, अनुकंपावाली’ हे ऐकू येतंच. टिपणी नीट लिहिता यायला लागली की कमी ऐकू येतं. पूर्ण थांबत नाही.

८. प्रतिज्ञापत्र वाचून सही करा.

कुटुंबातल्या इतर अवलंबितांचा सांभाळ करीन, असं लिहून दिल्यावरच नियुक्ती मिळते. हमी मोडली तर नोकरीवर गदा येऊ शकते. सही करताना ते कुणी वाचत नाही. लग्न झालं, बदली झाली, की आईला पैसे पाठवणं एकेका महिन्यानं लांबतं.

अशी एक आई माझ्या टेबलाशी आली होती. मी कोरा कागद पुढं केला, तक्रार लिहून द्या म्हटलं. तिनं कागद परत माझ्याकडं सरकवला. ‘मॅडम, लेखी काही नको. नोकरी जाईल त्याची. नुसतं दमात घ्या त्याला.’ नियमात खुलासा मागवणं आहे, नोटीस आहे, सेवासमाप्ती आहे. दमात घेणं कुठं नाही. ते काम आमच्या अधीक्षकांनी दार लावून केलं, फाइलीवर एक ओळही न लिहिता.