उजळणी

तांब्यापितळेची भांडी कितीही उत्तम घडणीची असली, तरी ती फळीवर नुसती मांडून ठेवल्याने त्यांचा लखलखाट टिकत नाही. हवेने आणि ओलाव्याने त्यांच्यावर हळूहळू काळसर कळा चढते. मग कोणीतरी चिंच घेऊन ती घासतो आणि भांडे पुन्हा पूर्ववत झळकू लागते. या क्रियेला मराठीत ‘उजळणे’ म्हणतात. आणि शिकलेली विद्या पुन्हा आठवून ताजी ठेवण्याला याच शब्दापासून ‘उजळणी’ हे नाव मिळाले आहे. पूर्वीच्या शाळांतून मुले एका सुरात पाढ्यांची उजळणी करीत, ती याच हेतूने.

विद्येवर विस्मृतीची ही कळा किती लवकर चढते, याचा पद्धतशीर शोध हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने घेतला. त्याने अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या तयार केल्या, त्या स्वतः पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम पडतात, हे मोजले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या प्रयोगांचे निष्कर्ष आले आहेत. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक श्रम वाया गेल्यासारखे होत आणि एका दिवसानंतर जेमतेम एकतृतीयांश लाभ उरे. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग मंदावे. याच ग्रंथात आणखी एक उपयुक्त गोष्ट नमूद आहे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्तींनी साधले. परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा जाळीत बसणाऱ्या विद्यार्थ्याचे श्रम कोठे वाया जातात, ते या दोन आकड्यांवरून सहज कळून येते.

परंतु उजळणी म्हणजे केवळ पुनर्वाचन नव्हे. पुस्तक चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि जे ओळखीचे वाटते, ते आपणांस येते, असा विद्यार्थ्याचा समज होतो. हा समज फसवा असतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००६ साली यासंबंधीचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदाच वाचला आणि नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. दोनदा वाचणाऱ्यांना उताऱ्याचा सुमारे ४२ टक्के भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तात्पर्य, पुस्तक मिटल्यावर खरी उजळणी सुरू होते.

पुस्तक मिटल्यावर काय आठवावे, हे मात्र विषयाविषयाप्रमाणे बदलते. एखाद्या विद्यार्थ्यासमोर शरीरविज्ञान, इंग्रजी व्याकरण आणि ख्रिस्ती धर्माची ओळख असे तीन पाठ उजळणीसाठी आहेत, असे समजू. तिघांनाही एकच मात्रा लागू पडणार नाही.

शरीरविज्ञानाच्या पाठात नावांची गर्दी असते. अस्थिसंस्था, पचनसंस्था, श्वसनसंस्था, रुधिराभिसरणसंस्था, मज्जासंस्था, उत्सर्जनसंस्था ही नावे ओळीने म्हणता आली, प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात हेही सांगता आले, तरी शरीर समजले असे होत नाही. कारण शरीरात या संस्था पुस्तकातील प्रकरणांप्रमाणे वेगवेगळ्या नांदत नाहीत. म्हणून येथे वाट धरून चालावे. रक्ताचा एक थेंब हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघाला, अशी कल्पना करावी. तो महारोहिणीतून खाली उतरतो आणि लहान आतड्याच्या केशवाहिन्यांत शिरतो. तेथे पचलेल्या अन्नातील साखर त्याला मिळते. तेथून तो यकृतात जातो, मग मोठ्या नीलेतून हृदयाच्या उजव्या कर्णिकेत आणि तिच्यातून उजव्या जवनिकेत येतो. तेथून तो फुफ्फुसांकडे ढकलला जातो, कार्बन डाय-ऑक्साइड तेथे सोडतो, प्राणवायू घेतो आणि डाव्या कर्णिकेत परत येतो. एवढ्या एका प्रवासात तीन संस्थांची भेट होते. विद्यार्थ्याने हा प्रवास कोऱ्या कागदावर रेखाटावा. जेथे लेखणी अडेल, तेथेच त्याच्या ज्ञानातील तूट आहे, असे समजावे आणि तेवढ्यापुरतेच पुस्तक उघडावे.

या विषयात ‘हे कशावरून?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याचे मत असे होते की, रक्त अन्नापासून यकृतात तयार होते आणि शरीरात खर्ची पडते. चौदाशे वर्षे वैद्यांच्या पिढ्यांनी हे मत पाठ केले. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने मात्र एक साधा हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्याबरोबर थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले आणि त्यास अर्ध्या तासातील ठोक्यांनी गुणले, तरी येणारी राशी साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक भरते. इतके रक्त अन्नापासून क्षणोक्षणी निर्माण होणे शक्य नाही. अर्थात तेच रक्त पुन्हा परत येत असले पाहिजे. हार्वेचा ग्रंथ १६२८ साली प्रसिद्ध झाला. रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या पाहण्याचे भाग्य मात्र त्यास लाभले नाही. १६५७ साली त्याचा मृत्यू झाला आणि १६६१ मध्ये इटलीतील माल्पिगी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात त्या पाहिल्या. ज्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहिला, त्याला रुधिराभिसरण हा शब्द पाठ करावा लागत नाही.

इंग्रजी व्याकरणाची गोष्ट निराळी आहे. शरीरातील इंद्रिये विद्यार्थ्याला येवोत वा न येवोत, आपले काम करीतच राहतात. भाषेचा नियम मात्र वापरल्यावाचून जिवंत होत नाही. शिवाय मराठी बोलणारा विद्यार्थी इंग्रजीकडे येतो तो रिकाम्या हातांनी नव्हे; त्याच्याजवळ मराठीच्या सवयी असतात आणि त्या त्याला कधी साह्य करतात, तर कधी चकवतात. मराठीत ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’, ‘रामाने केळे खाल्ले’ असे म्हणावे लागते; क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘एट’ हे एकच रूप पुरते. उलट, ‘राम खातो’ आणि ‘सीता खाते’ यांतील भेद इंग्रजीत नाही. दोघांनाही ‘ईट्स’ चालते. पण खाणारे अनेक झाले की शेवटचा ‘एस’ गळतो आणि ‘दे ईट’ असे होते. मराठीत ‘मेजावर’ म्हणताना ‘वर’ हा शब्द नामामागून येतो. इंग्रजीत ‘ऑन’ हा नामाच्या पुढे जाऊन बसतो.

म्हणून येथे केवळ नियमाची व्याख्या न आठवता वाक्ये घडवावी आणि मोडावी. ‘मी या गावात दहा वर्षे राहतो’ हे वाक्य इंग्रजीत नेताना पुष्कळ विद्यार्थी ‘आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स’ असे लिहितात, कारण मराठीत येथे साधा वर्तमानकाळ शोभतो. इंग्रजीत मात्र भूतकाळी सुरू होऊन आजवर चाललेल्या क्रियेसाठी पूर्ण वर्तमानकाळ योजतात, आणि कालावधी सांगताना ‘सिन्स’ नव्हे, तर ‘फॉर’ वापरतात: ‘आय हॅव लिव्हड हिअर फॉर टेन इयर्स’. ‘सिन्स’ हा आरंभाचा क्षण दाखवितो. असे एक चुकीचे वाक्य घेऊन त्यातील चूक कोठे आणि का झाली, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले, म्हणजे तो नियम विद्यार्थ्याच्या मालकीचा झाला. चुकांची वही जपून ठेवणे आणि दर आठवड्याला ती चाळून तीच वाक्ये नव्याने लिहिणे, ही व्याकरणाची खरी उजळणी होय.

ख्रिस्ती धर्माच्या पाठाला तर उजळणीची परंपरा फार जुनी आहे. धर्मतत्त्वे प्रश्न आणि उत्तर या रूपाने शिकविण्याची पद्धत चर्चमध्ये दीर्घकाळ चालत आली आहे. मार्टिन ल्यूथरने १५२९ साली घराघरांतून शिकविता येईल अशी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. आपल्याकडे हे काम थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने केले. तो १५७९ साली गोव्यास आला, येथील भाषा शिकला आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक आणि १६४० साली कोकणीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. ज्याला श्रद्धेविषयी बोलावयाचे होते, त्याने ऐकणाऱ्यांच्या भाषेचे व्याकरण आधी आत्मसात केले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या पाठाची उजळणी करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली, कथा: येशूचा जन्म, त्याची शिकवण, पंतय पिलाताच्या अमदानीत त्याला झालेला क्रुसावरील मृत्यू आणि तिसऱ्या दिवशी झालेले पुनरुत्थान. दुसरी, तत्त्वे: देव एक असून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन स्वरूपांत आहे, ही त्रैक्याची श्रद्धा. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मसभेने या श्रद्धेला शब्दरूप देण्यास आरंभ केला. तिसरी, आचार: बाप्तिस्मा, प्रभुभोजन, प्रार्थना. येथे पंथभेदही आहेत. रोमन कॅथलिक चर्च सात संस्कार मानते, तर बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ दोनच मानतात. ख्रिस्ती विद्यार्थी हे श्रद्धेने शिकेल. इतर धर्माचा विद्यार्थी ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ या भूमिकेवरून शिकेल. दुसऱ्याची श्रद्धा बिनचूक सांगता येणे, हाही त्याच्याविषयीच्या आदराचाच एक प्रकार आहे.

आणि पाठांतराची मर्यादा कोठे येते, हे तर या धर्माच्याच एका कथेत दिसते. लूकच्या शुभवर्तमानात एक धर्मशास्त्री येशूला प्रश्न विचारतो. येशू त्यालाच विचारतो की, नियमशास्त्रात काय लिहिले आहे? देवावर सर्वस्वाने आणि शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करावी, असे अचूक उत्तर तो देतो. त्याचा धडा पक्का पाठ आहे. तरीही तो पुढे विचारतो, ‘पण माझा शेजारी कोण?’ तेव्हा येशू यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतो. याजक त्याला पाहून बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो आणि ज्या शोमरोनी लोकांना यहुदी परके समजत, त्यांतील एकजण थांबून त्याच्या जखमा बांधतो. या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे विचारल्यावर शास्त्र्याला उत्तर पुस्तकातून काढता येत नाही. ते त्याला स्वतःच्या अंतःकरणातून काढावे लागते. त्याचा धडा उजळला तो त्या क्षणी.

अशा रीतीने एका विषयात वाट आठवावी लागते, दुसऱ्यात वाक्य घडवावे लागते, तिसऱ्यात अर्थ शोधावा लागतो. तिन्हींत समान गोष्ट एकच: विद्यार्थ्याने स्वतःशी प्रामाणिक राहणे. जे येत नाही ते येत नाही, असे मिटलेल्या पुस्तकासमोर कबूल करण्यास धैर्य लागते. शिकविल्या दिवशी सायंकाळी एकदा, दोनतीन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने आणि मग महिन्याने, असा क्रम जो ठेवील, त्याला परीक्षेची रात्र जड जाणार नाही. किंबहुना परीक्षा संपून उत्तरपत्रिका विस्मृतीत गेल्यावरही त्याच्या विद्येचे भांडे लखलखीत राहील.

स्वाध्याय

१. दोनदा वाचणारे विद्यार्थी आठवड्यानंतर मागे का पडले असावेत?
२. हार्वेने मांडलेला हिशेब स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. मराठीच्या सवयीमुळे इंग्रजीत होणाऱ्या आणखी दोन चुका शोधा व त्यांची कारणे सांगा.
४. धर्मशास्त्र्याला उत्तर पाठ होते, तरी त्याला प्रश्न का पडला?
५. आज शिकलेला कोणताही एक धडा पुस्तक मिटून दहा ओळींत लिहा. नंतर पुस्तक उघडून ताडून पाहा.